दोन-चारचा हात

भाईंदरच्या नवघरला मी पंचवीस वर्षं बांगड्या भरल्या. विकल्या नाहीत, भरल्या. पुठ्ठ्याच्या खोक्यातून डझनावारी विकणारे आता गल्लोगल्ली बसलेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण तो धंदा वेगळा. बाईचा हात आपल्या हातात घ्यायचा, अंगठ्याच्या मुळाशी दाबून तो मिटवायचा आणि काच न फुटता, बाई न कळवळता बांगडी मनगटावर उतरवायची, याला भरणं म्हणतात. मला हे सासूबाईंनी शिकवलं. त्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं, पण हात धरला की बोलता बोलता माप सांगायच्या.

मापं सोपी असतात. दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच, दोन-सहा त्याहून जरा मोठं, दोन-आठ म्हणजे अडीच. दोन-चारचा हात म्हणजे नाजूक हात, आणि बायकांना त्याचा केवढा अभिमान! दोन-सहाची बाई दोन-चारच मागणार, आणि आपण ती चढवून दाखवली की आरशात बघावं तशी हाताकडे बघत बसणार. मीही काही कमी नव्हते. आडमाप हातावर घट्ट चुडा चढवून दाखवायचा, एकही काकण वाढवायचं नाही, यात माझं नाव होतं. वाढवायचं म्हणजे फोडायचं, पण बांगडीच्या बाबतीत आम्ही फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. जवळच्या राई गावच्या बायका सकाळी भाजी विकून परत जाताना माझ्याकडे थांबायच्या आणि म्हणायच्या, काकीच्या हातून काच फुटत न्हाय. ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

हे घडलं तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. परळ-गिरगावची माणसं खोल्या विकून आमच्याकडे वन रूम किचन घ्यायला येत होती. आमचं दुकान एका बिल्डिंगच्या जिन्याखाली होतं, बसायला एक पाट आणि मागे बांगड्यांच्या नळ्या. त्याच बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर लालबागहून आलेलं एक कुटुंब राहत होतं. सासू, मुलगा आणि नवी सून. सून कोकणातली, खेडच्या पुढची, वय एकवीस-बावीस. लग्नाचा चुडा तिला मीच भरला होता. दोन-चार, आणि तोही हातात जरा सैल. असा हात वर्षातून दोन-तीनदाच भेटतो.

तिला दिवस गेल्याचं मला तिच्या सासूच्या आधी कळलं होतं. बांगडीवालीला कळतंच, त्यात मोठेपणा काही नाही. बाया हात पुढे करतात आणि मन मोकळं करतात. मी तिला पहिलाच प्रश्न विचारला तो सगळ्यांना विचारतात तो, नाव कुठे घालणार? आमच्याकडे बाळंतपणासाठी दवाखान्यात नोंद करण्याला नाव घालणं म्हणतात. ती म्हणाली, माहेरी. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं. गणपतीला ती गावी गेली तेव्हा तिला चौथा होता. वहिनीने तिला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेऊन नाव घातलं. एक इंजेक्शन दिलं, एक कार्ड केलं. कार्ड हरवू नये म्हणून वहिनीने ते स्वतःच्या ट्रंकेत ठेवलं आणि सून नवघरला परत आली.

आता यात चूक काय झाली ते सांगते, कारण ही चूक आमच्याच माणसांना सुचते. नाव घातलं म्हणजे काम झालं, असा सगळ्यांचा समज. शाळेत मुलाचं नाव घातलं म्हणून कोणी त्याला वर्षभर घरी बसवत नाही, पण पोटातल्या मुलाचं नाव घातलं की बाई थेट कळा आल्यावरच दवाखान्यात जाणार. त्यातून नाव घातलेलं खेडच्या पुढे आणि बाई भाईंदरला. मी तिच्या सासूला मार्गशीर्षात एकदा विचारलं होतं, की इथल्या डॉक्टरीणबाईंना दाखवून घेता का. त्या म्हणाल्या, दोन ठिकाणी नाव घालत नाहीत, मग तिकडचे घेत नाहीत. हे त्यांना कोणी सांगितलं देव जाणे. बाई वाईट नव्हती हो. सुनेला हातात दूध आणून द्यायची, जड उचलू द्यायची नाही, डिंकाचे लाडू, खारीक, सगळं. प्रेमात काही उणं नव्हतं. फक्त पाच महिने त्या पोरीला कोणी तपासलं नव्हतं.

माझं सांगायचं तर माझी दोन्ही बाळंतपणं भाईंदरलाच झाली, स्टेशनजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे. मी दर महिन्याला जायची, आणि त्याचं श्रेय माझं नाही. सासूबाई हाताला धरून न्यायच्या. मला राग यायचा. दुकान टाकून तासभर बाकावर बसायचं, आणि आत गेल्यावर करायचं काय, तर वजन, हाताला पट्टा बांधून प्रेशर, पोटाला हात, आणि मग नडगीवर अंगठा दाबून धरायचा. डॉक्टरीणबाई अंगठा काढायच्या आणि नुसत्या बघत राहायच्या. एकदा मी वैतागून विचारलं, बघता काय एवढं? त्या म्हणाल्या, खड्डा. दाबलेली जागा लगेच भरून आली तर ठीक, खड्डा तसाच राहिला तर अंगात पाणी साचतंय, आणि हातावर-तोंडावर पाणी साचलं तर माझ्याकडे पळत यायचं. मी मान हलवली. हाताचा धंदा माझा, तेव्हा हे डोक्यात पक्कं बसलं.

आणि तरीही मी जे केलं ते केलं.

तिचं डोहाळजेवण सातव्यात व्हायचं होतं, पण तिला न्यायला येणाऱ्या भावाला रजा मिळाली नाही. आठव्यात प्रवास करत नाहीत. म्हणून नववा लागल्यावर रविवारी डोहाळजेवण करायचं आणि शुक्रवारी दुपारी बाराच्या एसटीने बोरिवलीहून निघायचं, असं ठरलं. रिझर्वेशन झालं. हिरवा चुडा भरायला मला बोलावलं. घरात पंधरा-वीस बायका, पाट मांडलेला, फुलांची वाडी घालून पोर बसली होती. तोंड भरलेलं, गाल वर आलेले. जी बाई आत येईल ती म्हणे, काय तेज आलंय, अंग कसं धरलंय. सासूच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

मी तिचा हात हातात घेतला आणि मला लगेच कळलं. संक्रांतीला, म्हणजे महिन्याभरापूर्वी, याच हातावर दोन-चार सुळकन गेली होती. आता ती अंगठ्याच्या हाडाच्या अलीकडेच अडली. मी हात दाबला, सोडला. माझ्या अंगठ्याचा खड्डा तिच्या हातावर तसाच राहिला. मी तो बघितला. डॉक्टरीणबाईंचे शब्दही आठवले, असं नाही की आठवले नाहीत.

तेवढ्यात मागून कोणीतरी हसून म्हणालं, काकी, आज दोन-सहा काढावी लागणार वाटतं. बस, माझं डोकं फिरलं. वीस बायकांसमोर माझ्या हाताची परीक्षा! मी साबणाचं पाणी मागवलं, तिचा हात भिजवला, बोटं जुळवून अशी दाबली की पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दोन्ही हातांवर दोन-चारचा अख्खा चुडा चढवला. एकही वाढवली नाही. बायकांनी वा वा केली. मी विडा घेतला, ओटीतला नारळ घेतला आणि खाली आले.

सोमवारी मला दुकानात बसवेना. मंगळवारी सकाळी मी वर गेले. सासू लाडवांचा डबा बांधत होती, प्रवासाची बॅग दाराशी तयार होती. पोर आतल्या खोलीत कपाळावर हात ठेवून पडलेली. डोकं दुखतंय म्हणाली, दोन दिवस उतरतच नाही. सासू म्हणाली पित्त आहे, दगदग झाली. मी विचारलं, आणखी काय होतंय? ती म्हणाली, डोळ्यांसमोर मधूनच काजवे चमकतात. मग मी तिचा हात बघितला. बांगड्या मांसात रुतल्या होत्या, दोन बांगड्यांच्या मधे हात फुगून वर आलेला.

मी सासूला सांगितलं, बांगड्या काढायला हव्यात आणि हिला आत्ता डॉक्टरीणबाईंकडे न्यायला हवं. सासूने पहिलंच तेवढं धरलं. डोहाळजेवणाचा हिरवा चुडा बाळंतपणाआधी वाढवायचा, हे तिच्या जिवावर आलं. साबणाने उतरव म्हणाली. उतरत असत्या तर मी उतरवल्या नसत्या का? मी म्हटलं, मावशी, हा चुडा मी भरलाय, मीच वाढवणार, पाप लागलं तर मला लागेल. खाली जाऊन पक्कड आणि दोन-आठच्या बांगड्या घेऊन आले. हात रिकामा ठेवायचा नसतो, म्हणून आधी दोन्ही हातांत दोन-दोन मोठ्या हिरव्या बांगड्या घातल्या. मग मनगटाखाली फडकं धरलं आणि एकेक बारकी बांगडी पकडीत हलकेच दाबून वाढवली. पंचवीस वर्षांत मुद्दाम काच फोडायची ती एकच वेळ. पोरीला एक ओरखडा आला नाही.

बांगड्या निघाल्यावर मनगटाभोवती चऱ्या उमटलेल्या राहिल्या. मी सासूचा अंगठा धरला आणि तिच्याच अंगठ्याने सुनेचा हात दाबला. मग बघा म्हटलं. ती बघत राहिली. खड्डा काही भरेना. ती उठली, पदर खोचला आणि चपला शोधायला लागली. डोळ्यांनी बघितल्यावर हट्ट धरणारी ती बाई नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी प्रेशर घेतलं, परत घेतलं. लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवली. वरचा भाग पांढराफटक झाला, अंड्याचा बलक सोडून उरलेला भाग शिजतो तसा. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, आधीचं प्रेशर किती होतं? वजन किती होतं? सूज कधीपासून? सासू म्हणाली, कार्ड तिकडे आहे. बाई म्हणाल्या, तिकडच्या कार्डावर चौथ्या महिन्याचं असेल, मला त्यानंतरचं हवंय. कोणाकडे काही नव्हतं. पोर रडायला लागली, की मला कुणी विचारलंच नाही, मला वाटलं पाय सुजतातच.

तेव्हा मी म्हटलं, "माझ्याकडे माप आहे. लग्नात दोन-चार सैल. संक्रांतीला दोन-चार बरोबर. परवा दोन-चार जुलमाने. आज दोन-आठ."

बाईंनी कागद पुढे ओढला. मग त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं, खरंच लिहून घेतलं, आणि म्हणाल्या, "म्हणजे महिन्याभरात चढलंय. हे मला महिन्याच्या महिन्याला दिसायला हवं होतं, बांगडीवालीकडून कळायला नको होतं."

त्या दिवशी मला माझ्या सासूबाईंचा हट्ट कळला. एका मापाने काही समजत नाही. माझ्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या बाईचा हात दोन-सहा असला तर मी काय समजणार, असेल तिचा हातच तेवढा. मागचं माप माहीत असलं तरच आजच्याचा अर्थ लागतो. दवाखान्यातलं ते वजन, तो पट्टा, तो नडगीवरचा अंगठा, सगळं दर महिन्याला तेच तेच वाटतं आणि तेच तेच असावं यासाठीच तर जायचं. ज्या महिन्यात ते तेच नसेल तो महिना हातून सुटता कामा नये. हे मी पुढे शेकडो बायकांना सांगितलं. कुणी हात पुढे केला आणि पोट दिसलं की मी विचारायची, शेवटचं कधी तपासलं? नाव घातलंय असं उत्तर आलं की माझा पारा चढायचा. नाव कधी घातलं ते नाही विचारलं, कधी तपासलं ते विचारलंय. डोहाळजेवणाच्या चुड्याला बोलावणं आलं की मी आधी कार्ड मागायची, त्या महिन्याची नोंद नसेल तर चुडा भरायची नाही. काही बायका रागावून दुसरीकडे गेल्या. जाऊ देत. राईची एक म्हातारी मला म्हणाली, तू काय डॉक्टरीण हायस? मी म्हटलं, न्हाय, पण तुझी सून तिच्याकडे जाऊन आली की मगच माझ्याकडे आण. आठवड्याने घेऊन आली, कार्डासकट.

पण हे सगळं नंतरचं.

मंगळवारीच डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी देऊन तिला दहिसर नाक्यापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे दाखल करून घेतलं, पडदे ओढून अंधार करून निजवलं, गोळ्या, इंजेक्शनं सुरू केली. नाव घातलेलं नव्हतं तरी कोणी परत पाठवलं नाही, हे सासूने आपल्या डोळ्यांनी बघितलं. गुरुवारी प्रेशर थोडं उतरलं, आणि सासूच्या मनाने परत उचल खाल्ली. शुक्रवारी सकाळी मी गेले तर ती बॅग घेऊन वॉर्डच्या दाराशी उभी. मुलगा कामावर गेलेला, सुनेला न्यायला आलेला भाऊ बाजूला. ती सिस्टरला समजावत होती, की आता बरं आहे, दहापर्यंत सोडा, बोरिवलीची बाराची गाडी आहे, तिकडे आईच्या हाताखाली आराम पडेल. सिस्टरने डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर तरुण होते, त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त सोडणार नाही म्हणाले. सासू माझ्याकडे वळली आणि म्हणाली, तूच डोक्यात भरवलंस सगळ्यांच्या. मी ऐकून घेतलं. एरवी मी असलं एक वाक्य फुकट जाऊ देत नाही, पण त्या दिवशी जाऊ दिलं.

मायलेकी दोघी वाचल्या, हे इथेच सांगून टाकते. लोकांचा जीव टांगणीला लावायला मला आवडत नाही.

बारा वाजले. भाऊ स्टँडवर जाऊन तिकीट रद्द करून आला. साडेतीनच्या सुमाराला वॉर्डातून धावपळ ऐकू आली. पोरीला झटका आला होता. दात आवळलेले, हातपाय ताठ, डोळे वर. डॉक्टर कॉटजवळच होते, इंजेक्शन भरलेलं होतं. चार-पाच मिनिटांत तिला स्ट्रेचरवर घेऊन ऑपरेशनला नेलं. आम्ही तिघं बाहेर पॅसेजमध्ये उभे. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

बऱ्याच वेळाने सासूने विचारलं, "आत्ता ती गाडी कुठे असती गं?"

मी नको म्हटलं, पण तिने परत विचारलं. भावाने घड्याळ बघितलं आणि खाली मान घालून म्हणाला, वडखळच्या आसपास. खिडकीशी डबा घेऊन बसलेली सून, शेजारी भाऊ, बाहेर मिठागरं आणि रस्ता, हे आम्हा तिघांनाही एकदमच दिसलं असणार. सासू भिंतीला धरत खाली फरशीवर बसली. मीही तिच्या शेजारी बसले.

पाचच्या सुमाराला सिस्टरने येऊन सांगितलं, मुलगी झाली, लहान आहे, पावणेदोन किलो, पण रडली. आई शुद्धीवर यायला वेळ लागेल, प्रेशर ताब्यात आहे. भाऊ देवाचं नाव घेत खाली फोन करायला पळाला. सासू रडत होती आणि हसत होती, आणि तिने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, तू नसतीस तर माझ्या घरात आज काय झालं असतं. तू देवासारखी आलीस.

मला ते घेववेना. आजवर कौतुक मी कधी परत केलेलं नाही, ते पहिलंच. मी म्हटलं, "मावशी, रविवारी तिचा हात दाबला तेव्हाच मला खड्डा दिसला होता. त्याचा अर्थही मला माहीत होता."

तिने माझे हात सोडले नाहीत. रडणं थांबलं.

"मग भरल्यास कशाला?"

"बायका बघत होत्या," मी म्हटलं.